मोठी अक्षरं वराकडची

[A-Z]

राधाकिशनच्या स्टुडिओत लग्नाच्या फोटोंना नावं द्यायची एक रीत होती. लग्न नवरदेवाच्या नावाने ओळखायचं. नवरदेवाकडच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो मोठ्या इंग्रजी अक्षरांत. लग्न अमरसिंहचं, म्हणून AMAR0001.JPG, AMAR0002.JPG, असे पुढे. नवरीकडच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटोही अमरसिंहच्याच नावाचे, फक्त लहान अक्षरांत. amar0001.jpg, amar0002.jpg.

दोन कॅमेरे, दोन बाजू. दोन्हींचे आकडे एकापासून सुरू.

कामाला लागली तेव्हा शिवकन्याने विचारलं होतं, "काका, नवरीकडचे बारीक कावून?"

"मग काय ठळक टाकू? पोरीवाले हायत ते," राधाकिशन म्हणाला. "मांडवात बी पोरीचा बाप हात जोडूनच हुबा असतोय. फाईलीत वेगळं कशाला?"

तो हे वाकड्यात म्हणाला नव्हता. त्याच्या स्वतःच्या दोन मुलींची लग्नं झाली होती आणि दोन्ही मांडवांत तो हात जोडून उभा होता. त्या लग्नांचे स्वतःकडचे फोटोही त्याने लहान अक्षरांतच ठेवले होते.

मराठीत मोठा अ, लहान अ असं काही नसतं. मान द्यायचा तर नावापुढे 'राव' लावावं लागतं. ही सोय फक्त इंग्रजीत.

[a-z]

शिवकन्याचे आई-वडील ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. भिवराबाई आणि गहिनीनाथ मिळून एक कोयता. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो आणि उन्हाळ्यापर्यंत गावात म्हातारी माणसं उरतात. शिवकन्या लहानपणापासून सोबत जायची. कर्नाटकातल्या कारखान्याजवळच्या खोपीत राहायचं, दोन धाकट्या भावांना सांभाळायचं, सगळ्यांच्या भाकरी थापायच्या. बारावीनंतर तिने माजलगावला कॉम्प्युटरचा क्लास केला आणि सिरसाळ्यात राधाकिशनच्या स्टुडिओत बसू लागली. राहायला आत्याकडे.

घरात ठरलं होतं ते असं. राधाकिशनने कायम ठेवलं तर ती सिरसाळ्यात राहील. नाही ठेवलं तर ट्रॅक्टरवर.

ट्रॅक्टर आज दुपारी निघणार होता आणि राधाकिशनने अजून हो-नाही केलेलं नव्हतं. एवढंच म्हणाला होता, "अमरसिंहचं काम हातावेगळं होऊ दे, मग बघू."

लग्न वैशाखातलं. अल्बम दिवाळीला मिळतो हे सिरसाळ्यात सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे कुणी रागावत नाही. आधी नवरदेवाच्या घरी पेन ड्राइव्ह द्यायचा. त्यांनी फोटो निवडायचे, आकडे कळवायचे, मग अल्बम छापायला जातो. नवरीकडच्यांना विचारायची पद्धत नाही. अल्बममध्ये त्यांची दोन पानं असतात.

अमरसिंहचे वडील विठ्ठलराव. त्यांच्याकडे ऊस आहे, ट्रॅक्टर आहेत, आणि निवडणूक कुठलीही असो, लोक त्यांच्या दारावरून गेल्याशिवाय फॉर्म भरत नाहीत. त्यांचं काम बिघडलं तर स्टुडिओचं शटर वर होतंय का, याचीच शंका.

mkdir lagna

जुन्या मशीनवर दोन फोल्डर असायचे. एक 'मोठे', एक 'बारीक'. एकाच फोल्डरमध्ये AMAR0001 आणि amar0001 ठेवायला गेलं तर जुनं मशीन अडवायचं. म्हणायचं, या नावाची फाईल इथे आहे, हिच्या जागी ती टाकू का? त्याला दोन्ही नावं एकच वाटायची.

ते मशीन व्हायरसने गेलं. क्लासच्या सरांकडून शिवकन्याने एक फुकटची सिस्टीम आणून नव्या मशीनवर घातली. काळा पडदा. माउस कमी, आज्ञा जास्त.

या सिस्टीमला मोठं अक्षर आणि लहान अक्षर म्हणजे दोन निराळी माणसं. तिने गंमत म्हणून AMAR0001 आणि amar0001 एका ठिकाणी ठेवून बघितले. राहिले. मग तिने नव्या मशीनवरचे दोन्ही फोल्डर मोडले आणि mkdir ने lagna नावाचा एकच नवा केला.

"दोन्ही घरची एका जागी, काका."

"भांडणं न्हाई झाली म्हणजे मिळवलं," राधाकिशन म्हणाला.

*

काळ्या पडद्यावर तारा म्हणजे 'काहीही'. AMAR* लिहिलं की AMAR ने सुरू होणारं सगळं. amar* लिहिलं की amar ने सुरू होणारं सगळं. यात ते येत नाही आणि त्यात हे येत नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, पण एकच. चौकोनी कंसात [Aa] लिहिलं तर दोहोंतलं कुठलंही चालेल. नुसता तारा म्हणजे सरसकट सगळे.

क्लासमध्ये सरांनी हे शिकवताना बाकीची पोरं गोंधळली. तारा पुढे जातो कुठे, हे त्यांना कळेना. शिवकन्याला लगेच कळलं, कारण तिने मुकादम बघितला होता.

कारखाना म्हणतो, टोळी पाठवा. कारखान्याला माणसं माहीत नसतात. मुकादम वस्तीवर येतो, दारोदार नावाने हाका मारतो आणि एकेकाला ट्रॅक्टरवर चढवतो. 'टोळी' हा शब्द मुकादमापाशीच संपतो. कारखान्यावर पोचतात ती भिवराबाई आणि गहिनीनाथ.

काळ्या पडद्यामागे असाच एक मुकादम असतो. त्याला शेल म्हणतात. तारा दिसला की तो आधी फोल्डरमध्ये जातो, तारा ज्यांना लागू पडतो त्यांना नावाने बोलावतो, ओळीत उभं करतो आणि ती सगळी ओळ आज्ञेच्या ताब्यात देतो. आज्ञेने तारा पाहिलेलाच नसतो. तिला वाटतं, बसून एकेक नाव कुणीतरी विचार करून लिहिलंय. मग ती परत विचारत नाही.

नावाआधी टिंब असेल तर तारा त्या फाईलला हाक मारत नाही. बारावीच्या वर्षी शिवकन्या मागे राहिली तेव्हा मुकादम असाच तिला वगळून पुढे गेला होता.

हाका मारायचा क्रम प्रत्येक मशीनवर सारखा नसतो. या मशीनवर आधी मोठी अक्षरं सगळी. ती संपली की लहान.

cp *

परवा मशीनची जागा भरली. एका पुढाऱ्याच्या सत्काराचं चित्रीकरण उतरवायचं होतं आणि ते अवाढव्य होतं. शिवकन्याने अमरसिंहच्या घरी द्यायचा पेन ड्राइव्ह लावला, lagna फोल्डरमध्ये गेली आणि सगळ्यांच्या प्रती पेन ड्राइव्हवर काढायला सांगितलं. cp म्हणजे प्रत काढ. पुढे तारा.

पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकला, बराच वेळ लुकलुकत राहिला, थांबला. तक्रार काही आली नाही.

तिने पहिला फोटो उघडून बघितला. मांडवाची मेढ, तिला बांधलेला आंब्याचा टाळा. मेढ दोन्ही घरी असते. शेवटचा उघडला. नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडतेय, मागे विठ्ठलरावांचं घर. बरोबर.

rm *

rm म्हणजे काढून टाक.

मग पुढाऱ्याचा सत्कार मशीनवर उतरला. मोकळी झालेली जवळजवळ सगळी जागा त्याने घेतली.

ls

आज सकाळी पेन ड्राइव्ह पाकिटात घालण्याआधी शिवकन्याने त्यावरची नावं पडद्यावर काढली. वरून खालपर्यंत गेली. खालून वर आली.

"काका."

"हं."

"बारीक न्हाईत."

राधाकिशन एका शाळकरी मुलाचा पासपोर्ट फोटो कापत होता. कात्री थांबली. "म्हंजे?"

"सगळे मोठेच दिसायलेत. बारीक एक बी न्हाई."

"मशीनवर बघ की."

"मशीनवरचे काढलेत मी."

त्याने मुलाच्या हातात फोटो दिले, त्याला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं आणि पडद्यापाशी आला. ओठ हलवत नावं वाचली. मग खुर्ची ओढून बसला आणि हसला.

"आगं, पोरीकडचेच गेलेत ना? मला वाटलं काय झालं. छाती धडधडायला लावलीस."

"पण काका..."

"निवडणार कोण? विठ्ठलरावच्या घरचे. ते काय व्याह्याचे फोटो निवडत बसत्यात? दोन पानं तर असत्यात. पाठवणीचे चार घालू, भरलं. कुणाला कळतंय?" त्याने कात्री परत उचलली. "बारीकचं बारीकच नुकसान. देऊन टाक ते पाकीट."

शिवकन्याने पाकीट दिलं नाही. तिने मधलाच एक फोटो उघडला.

AMAR0040.JPG

घाटनांदूरचं घर. नवरी वैष्णवी पाटावर बसलेली, तोंडाला हळद, एक बाई तिच्या कानामागे हळद चोळताना हसतेय.

AMAR0155.JPG

वैष्णवीचे वडील आचाऱ्याशी बोलताना. हातात टोपी.

AMAR0156.JPG

तेच. टोपी डोक्यावर.

AMAR0290.JPG

दोन म्हाताऱ्या. त्यांच्यापुढे अक्षतांचं ताट. एकीचा डोळा मिटलेला.

AMAR0388.JPG

अंतरपाट. पलीकडून अमरसिंहचं तोंड, मुंडावळ्यांतून समोर बघणारं. अलीकडे वैष्णवीची पाठ.

"हे तर..." राधाकिशन मागे उभा होता. "हे तर पोरीकडचे."

"हां."

"नाव मोठं हाय."

"नाव मोठं हाय. आत बारीक हाय."

तिला आता कळलं होतं. पेन ड्राइव्ह जुन्या मशीनच्या वळणाचा. नाव सांगाल तसं लिहून ठेवतो, पण ओळखताना मोठं-लहान बघत नाही. हाकांच्या क्रमाने आधी AMAR सगळे गेले आणि नीट बसले. मग amar0001 गेला. पेन ड्राइव्ह म्हणाला, तू तर आहेसच. आणि त्याच नावाखालचा जुना फोटो पुसून नवा ठेवला. मग amar0002. पुढे असंच. दारावरची पाटी राहिली, बिऱ्हाड बदललं.

नवरदेवाकडचे फोटो संख्येने जास्त होते. नवरीकडचे आकडे पाठवणीला संपले, त्यामुळे त्यापुढचे मोठे तेवढे वाचले. पंगतीचा शेवट, गाडी, माप. त्याआधीचं नवरदेवाकडचं काहीच नाही. हळद नाही, नवरदेवाच्या परण्याची मिरवणूक नाही, आणि मंगलाष्टकांच्या आधी तासभर चाललेले पाहुण्यांचे सत्कारही नाहीत.

"विठ्ठलरावचे सत्कार," राधाकिशन म्हणाला आणि खाली बसला. खुर्ची जराशी मागे होती. तो कडेवर बसला आणि तसाच राहिला.

काढून टाकलेल्या फाईली शोधणारा एक प्रोग्राम असतो. शिवकन्याने तो चालवला. तो डिस्कच्या कोपऱ्याकोपऱ्यातून तुकडे घेऊन आला. वर फेट्याचा तुरा, खाली सगळं राखाडी. अर्धा घोडा. बाकी जागेवर पुढाऱ्याचा सत्कार पसरला होता. कॅमेऱ्यांची कार्डं तर वैशाखानंतर पुसून कितीदा वापरली होती.

?

"आता काय सांगायचं?"

"जे झालं ते."

"येडी हायस का? दुपारच्या आत अमरसिंह अन् त्याची बायको पेन ड्राइव्ह न्यायला येतील. कार्ड खराब निघालं म्हणून सांगतो. नवरदेवाकडचे आदिनाथनं काढलते, त्याचं कार्ड होतं त्या कॅमेऱ्यात."

"आदिनाथदादाचं कार्ड चांगलं हाय की."

"ते त्यांना कुठं म्हाईत?"

"दादाला मारतील ते."

"मारत न्हाईत. लई तर दोन शिव्या देतील. पचवील तो." राधाकिशनने तोंड पुसलं. "आन हे बघ शिवे. तुझा ट्रॅक्टर आज हाय ना?"

"हां."

"तू जा. रागानं न्हाई म्हणत. तू इथं दिसली की त्याला विचारायला माणूस मिळतंय. तू गेलीस की नुसतं कार्ड राहतंय."

काळ्या पडद्यावरचा कर्सरचा ठोकळा उघडझाप करत होता. शिवकन्याने पिशवी घेतली. पिशवीत डबा होता, तो बाहेर काढून धुवायला म्हणून मागे गेली. डबा अजून भरलेला आहे हे तिच्या नळापाशी गेल्यावर लक्षात आलं.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं.

"काय राधाकिशनभाऊ! पोरगं शाळेत जायच्या आत अल्बम देणार का त्याच्या लग्नातच दोन्ही मिळून देणार?"

अमरसिंह आत आला. मागून वैष्णवी. तिला दिवस गेले होते. खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन ती सावकाश बसली.

"या दादा, या वहिनी. चहा सांगतो."

"चहा नको, फोटो दाखवा," वैष्णवी म्हणाली. "घरी नेले की मोठ्या टीव्हीवर आधी सगळे भावकीतले बघत्यात. मला मागून डोकंच दिसतंय."

राधाकिशन नाही म्हणेपर्यंत तिने पडद्याकडे खुर्ची वळवली. मघाशी उघडलेल्या फोटोंतला AMAR0290 अजून समोर होता.

"अय्या! काशीआत्या! डोळा मिटलाय बघा कसा!" मग तिने पहिल्यापासून सुरुवात केली. "आवं, हे बघा, माझे मामा. ह्यांना फेटा बांधायला चार माणसं लागलती." पुढचा. "अन् हे माझे वडील! टोपी हातात कावून घेतली ह्यांनी? आचाऱ्यापुढं बी हात जोडायलेत काय!" ती हसत होती आणि एकेक पुढे जात होती. "एवढे काढलते का आमच्याकडचे? मला वाटलं चारदोन असतील."

अमरसिंह थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आमचे कुठंयत?"

"दादा, त्याचं असं झालं," राधाकिशनने सुरुवात केली. "कार्ड. कार्डच खराब निघालं. नवं होतं, पण आजकाल माल..."

"कोणचं कार्ड?"

"आदिनाथच्या कॅमेऱ्यातलं."

"आदिनाथ? त्याला आमच्या आबांनी स्वतः सांगितलतं, सत्काराचा एक बी सोडायचा न्हाई. बोलवा त्याला. आत्ता. न्हाईतर मीच जातो त्याच्या घरी." त्याने खिशातून फोन काढला.

शिवकन्या मागच्या दारात भरलेला डबा घेऊन उभी होती.

"कार्ड चांगलं होतं, दादा," ती म्हणाली. "मी घालवले."

राधाकिशनने डोळे मिटले.

"तू कोण?"

"मी इथं मशीनवर बसते. पेन ड्राइव्हवर टाकताना एकावर एक पडले. मला वाटलं दोन्ही राहत्यात. मग मशीनवरचे काढून टाकले. आदिनाथदादाचा संबंध न्हाई."

"संबंध न्हाई!" अमरसिंह तिच्याकडे न बघता राधाकिशनकडे वळला. "भाऊ, कुणाच्या हातात दिलंय तुमी हे? त्या सत्काराला कोण कोण आलतं, म्हाईत हाय का? आबाला मी काय सांगू? पोरीनं पुसलं?"

"दादा, मी काढतोच हिला. आजच. बघा, पिशवी बी भरलीय तिची."

"अवं, जरा थांबा," वैष्णवी म्हणाली. ती अजून पडद्याकडेच बघत होती. "सत्काराचे फोटो कुठं गेलेत? तुमच्या पोरांच्या मोबाईलात भरून पडलेत. रोज एक जण स्टेटसला टाकतोय. परळीच्या चौकात बॅनरवर आबांचा जो फोटो हाय, तो कुठला हाय? लग्नातलाच ना?"

"मोबाईलचे वेगळे अन् हे वेगळे."

"वेगळे हायतच. पण हायत. माझ्या बापाचा एक तरी फोटो कुणी टाकला का स्टेटसला?"

अमरसिंहने फोन खिशात ठेवला, पुन्हा काढला, आणि उगाच बघत राहिला.

वैष्णवी पुढे गेली. हळद संपली. मांडव भरला. मग अंतरपाट आला.

ती थांबली. एक पुढे, एक मागे, परत एक पुढे.

"हे तुमचं तोंड," ती नवऱ्याला म्हणाली. "चांगलं आलंय. बावरल्यावानी दिसायलंय." मग शिवकन्याला विचारलं, "माझं?"

शिवकन्या जवळ आली. "वहिनी, नवरीकडचा कॅमेरा नवरीच्या मागं हुबा असतो. त्याला नवरदेव दिसतो."

"मग मी?"

"तुमी त्या बाजूच्या कॅमेऱ्यात होतात. मोठ्या अक्षराच्या."

"ते गेले."

"हां."

वैष्णवीने पडद्यावर बोट ठेवलं. पाठ, गजरा, मामाचा हात खांद्यावर, आणि अंतरपाट खाली येत असलेला. त्यापलीकडे अमरसिंह जिच्याकडे बघत होता, ती कुठेच नव्हती.

"मापाचे हायत," शिवकन्या म्हणाली. "घरात येतानाचे."

"ते म्हाईत हाय मला. रडून रडून डोळे सुजलते तवा."

राधाकिशन पुढे सरसावला. "वहिनी, एक काम करू. शालू हाय ना? मुंडावळ्या मी आणतो. अंतरपाट धरायला काय, दोन माणसं बास. परत काढू. अगदी तस्सा काढू."

अमरसिंहला हसू आलं. वैष्णवीला नाही.

"तोंड बदललंय माझं," ती म्हणाली. "शालू बसंल एखाद्या वेळेस. तोंड न्हाई बसायचं."

बाहेर एक टमटम परळीची माणसं गोळा करत ओरडत होती.

"कसं झालं ते दाखव," वैष्णवी शिवकन्याला म्हणाली.

"आता?"

"आता. मी बसलेच हाय."

शिवकन्याने दाखवलं. रिकाम्या फोल्डरमध्ये एक फाईल मोठ्या नावाची केली, आत लिहिलं 'वर'. एक लहान नावाची केली, आत लिहिलं 'वधू'. दोन्ही पडद्यावर शेजारी दिसल्या. मग दुसरा एक पेन ड्राइव्ह लावला, तारा लिहिला. पेन ड्राइव्हवर एकच फाईल. नाव मोठं. उघडली. आत 'वधू'.

"परत कर."

तिने परत केलं. परत तेच.

"विचारलं का न्हाई त्यानं?" अमरसिंहने विचारलं. तोही वाकून बघू लागला होता. "टाकू का, नको का, असं?"

"विचार म्हणून सांगावं लागतंय. मी न्हवतं सांगितलं."

"मग तुझीच चूक."

"हां. माझीच."

अमरसिंह सरळ झाला. "भाऊ, हिला बसवू नका आता मशीनवर. तुमच्या भल्याचं सांगतो."

"न्हाई बसवत, दादा."

"मग राहिलेले कोण बघणार?" वैष्णवी म्हणाली. "भाऊ, तुमाला येतंय का हे काळं?"

राधाकिशनने मान हलवली. ती 'हो'ही असू शकली असती.

"कुठलं नाव खरं, कुठलं खोटं, हे हिलाच म्हाईत हाय. दुसरा कुणी बसला तर माझे एवढे उरलेत ते बी घालवील. हे सगळे वेगळे काढून दे मला," ती शिवकन्याला म्हणाली. "माझ्या माहेरचे. अन् ह्यांच्या पोरांच्या मोबाईलातले मी मागवून पाठवते, ते बी लाव. त्या घडीचं माझं तोंड एखाद्यात तरी सापडंल. तिरकं, कसं बी."

"नाव काय टाकू, वहिनी? मोठं का बारीक?"

"कसं बी टाक. दोन ठिकाणी ठेव म्हणजे झालं."

ती उठली. अमरसिंहने तिला हात दिला. दारातून तो मागे बघून म्हणाला, "भाऊ, आबाला मी सांगतो कार्ड खराब होतं म्हणून. तुमी काय बोलू नका. आन आदिनाथला सांगून ठेवा, शिव्या आल्या तर ऐकून घे."

cp -i

गाडी गेल्यावर राधाकिशनने चहा मागवला. दोन. एक शिवकन्यापुढे सरकवला.

"मी जाऊ का, काका?"

"कुठं?"

"ट्रॅक्टरवर."

"आन हे कोण करणार? ऐकलं न्हाईस का, ती काय म्हणली?" त्याने बशीत चहा ओतला. "दिवाळीपर्यंत अल्बम गेला पायजे."

"मग दिवाळीनंतर?"

"ट्रॅक्टर आज जाणार. दिवाळीनंतर तू काय चालत जाणार हायस कर्नाटकात? बस." तो एक घोट प्यायला. "पण फोल्डर दोन करायचे. पहिल्यासारखे. भांडणं झाली तरी चालतील."

"दोन करते. पण नावं बदलते."

"काय टाकशील?"

"कॅमेऱ्याचा नंबर. एक अन् दोन."

"एक कुणाला?"

"आदिनाथदादाला. तो आधी लागलाय कामाला."

राधाकिशनने यावर विचार केला आणि त्याला त्यात काही वावगं सापडलं नाही.

तिने आधी मघाच्याच फाईलींवर आणि मघाच्याच पेन ड्राइव्हवर करून बघितलं. आज्ञेत -i घातलं, म्हणजे एकावर एक पडायची वेळ आली तर मशीन थांबून विचारेल. मघाशी दाखवताना गेलेली फाईल पेन ड्राइव्हवर तशीच होती, त्यामुळे त्याने लगेच विचारलं. तिने 'न्हाई'चं अक्षर दाबलं. पुढे सरकलं.

फोन वाजला. भिवराबाई.

"अगं कुठंयस? सगळी बसली. मुकादम शिव्या द्यायलाय."

"माय, मी न्हाई येत."

"ठेवलं का त्यानं?"

शिवकन्याने राधाकिशनकडे बघितलं. तो बशी तोंडाला लावून दुसरीकडे बघत होता.

"आगं सांग की. हां का न्हाई?"

"हां."

मागे इंजिन सुरू होतं, कुणीतरी कुणाला वर ओढत होतं, भाऊ रडत होता की हसत होता ते कळेना.

"बरं," भिवराबाई म्हणाली. "मग तुझ्या जागेवर मी पाण्याचा ड्रम ठेवते. आत्याला म्हणावं, पोरीला सकाळी उठवत जा."

ती आणखी काहीतरी म्हणाली, पण ट्रॅक्टर हलला होता.